तत्त्वतः मान्य

देवतळेकाका गेल्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत आमच्या मराठी मंडळाने शोकप्रस्ताव मंजूर केला. एकमताने, चर्चेशिवाय, चहा यायच्या आत. मी मंडळाची चिटणीस, त्यामुळे तो टाइप मी केला आणि मजकूर अध्यक्षांनी सांगितला. ‘शेजारधर्माचा ध्यास घेतलेले एक ज्येष्ठ अभियंते आपण गमावले आहेत.’ वाक्यात चूक काढायला जागा नाही. तरी ते टाइप करताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आले, कारण बसून राहिले असते तर त्याच बैठकीत कोणाला तरी काहीतरी बोलले असते.

मी याद्या करणारी बाई आहे. फ्रीजवर याद्या, फोनमध्ये याद्या, सुट्टीला जाताना काय बंद करायचं त्याची वेगळी यादी. त्या रात्री घरी जाताना प्रस्तावात काय काय आलं नाही ते मनात मांडायला लागले आणि घर आलं तरी संपेना. तेच इथे लिहिते आहे.

गावाचं नाव सांगत नाही. इंग्लंडमध्ये, मेडनहेड आणि बेसिंगस्टोक यांच्या अधेमधे आहे एवढं पुरे. नाव सांगितलं तर त्यावर मंडळाची मीटिंग होईल आणि तिचे मिनिट्स मलाच लिहावे लागतील.

काका मूळचे नागपूरचे. इथे येऊन त्यांचं सगळं आयुष्य गेलं, पण बोलणं तिथलंच राहिलं. उंच, किंचित वाकलेले, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि अंगात कामावरून निवृत्त होताना परत न केलेलं पिवळं चमकतं जॅकेट. ते घालून ते मंडळाच्या हळदीकुंकवालाही येत. शैलाकाकू, त्यांची बायको, इथल्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. त्या म्हणायच्या, “लग्नाच्या फोटोत हे जॅकेट नाही, कारण तेव्हा ते मिळालं नव्हतं. दुसरं काही कारण नाही.”

मी त्यांना प्रथम भेटले ती वेळ आठवते. मंडळाच्या हॉलच्या किचनमध्ये मी किटली लावत होते. मागून आवाज आला, “थांबा, चिटणीसबाई.” त्यांनी खिशातून फोन काढला, नाकावर चष्मा चढवला आणि काहीतरी पाहिलं. “हां. नॉर्वे चालू आहे. लावा आता.”

मला वाटलं, यांना बरं नाही.

मग त्यांनी समजावलं. ब्रिटनमध्ये समुद्राखालून तारा आल्या आहेत. फ्रान्समधून, नॉर्वेमधून, आणखी दोन-चार शेजाऱ्यांकडून. इकडे वारा जास्त सुटला की वीज तिकडे जाते, तिकडे डोंगरात पाणी भरपूर असलं की इकडे येते. कुठून किती येते आहे ते फोनवर दिसतं. या तारांच्या कामात काकांनी नोकरीची उमेदीची वर्षं घातली होती. त्यामुळे त्यांच्याबरोबरचा कुठलाही चहा नुसता चहा नसे. आज फ्रान्सचा, उद्या नॉर्वेचा, आणि जोराचं वादळ सुटलं असलं की “आज घरचा.”

“शंभर वर्षं लढले हे लोक फ्रान्सशी,” ते म्हणायचे, “आणि आता त्याच्याच विजेवर टोस्ट भाजून राहिले. भांडण मिटलं म्हणून तार नाही टाकली, बाप्पा. तार टाकली म्हणून भांडायला फुरसत नाही राहिली.”

त्यांचं दुसरं तत्त्वज्ञान वाटीचं होतं. शेजारून वाटी आली तर ती रिकामी परत जात नाही. त्यांच्या मते देशादेशांमधला व्यापार समजायला याहून जास्त शिकावं लागत नाही. “एकाकडे साखर आहे, दुसऱ्याकडे दूध. आपल्याकडचे देश काय करतात? साखर सातासमुद्रापलीकडून आणतात आणि शेजारच्या घरातली साखर मुंग्यांना सोडतात.” हे ते हसत सांगायला सुरुवात करत आणि शेवटी त्यांचे कान लाल झालेले असत.

कान लाल होण्याला कारण होतं. नोकरीच्या शेवटच्या काळात त्यांच्या कंपनीने त्यांना आपल्याकडच्या देशांमध्ये वीज कशी वाटून घेता येईल याचा अभ्यास करायला पाठवलं. नेपाळमध्ये पावसाळ्यात नद्या तुडुंब असतात, वीज बनवून उरते. बांगलादेशाला वीज हवी असते आणि ती तेल-वायू जाळून करावी लागते. दोघांच्या मधे भारताची एक चिंचोळी पट्टी आहे. काका ती पट्टी जीपने ओलांडून आले होते. सकाळचा चहा एका बाजूला घेतला, दुपारचा दुसऱ्या बाजूला. इकडे धरणाच्या दारातून पाणी नुसतं सोडून देत होते आणि तिकडे भाताच्या गिरणीत डिझेलचं इंजिन धूर ओकत होतं. “माझ्या शर्टाला सकाळचे तुषार होते आणि संध्याकाळी त्याच्यावरच काजळी,” ते सांगायचे. “शैलाने शर्ट धुतला. मी म्हटलं, अगं, तो पुरावा होता.”

मग एका राजधानीतल्या हॉटेलात परिषद झाली. सगळे शेजारी एका टेबलाभोवती. काकांनी नकाशा दाखवला, तार कुठून जाईल ते दाखवलं. सगळ्यांनी कौतुक केलं. अध्यक्ष ठराव वाचायला उभे राहिले, ‘विभागीय ऊर्जा सहकार्य सर्व सदस्यांना तत्त्वतः मान्य आहे’, आणि तेवढ्यात दिवे गेले. मागच्या अंगणात जनरेटर धडधडायला लागला. दिवे आले. अध्यक्षांनी तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. हसू फक्त काकांना आलं, आणि ते आवरेना म्हणून त्यांना बाहेर जावं लागलं.

त्या दिवसापासून ‘तत्त्वतः’ हा शब्द त्यांना चालत नसे. कोणी तो उच्चारला की ते टोपी घालून उठत. आमच्या पिकनिकच्या ठरावाच्या वेळीसुद्धा एकदा उठले होते.

आता आमच्या अंगणाकडे येते, कारण रागाचं मूळ तिथे आहे.

गावाच्या कडेला जुन्या लाँड्रीच्या तीन विटकरी इमारती आहेत, एकीला एक लागून. डावीकडची निवृत्त नेपाळी सैनिकांच्या क्लबकडे, उजवीकडची बांगलादेशी लोकांच्या केंद्राकडे आणि मधली आमच्याकडे. तिन्हींच्या मागे अंगणं आहेत आणि अंगणांच्या भिंतींत जुनी लाकडी दारं आहेत. लाँड्रीच्या काळात कपड्यांच्या गाड्या तिथून इकडून तिकडे जात असणार. नेपाळी क्लबच्या छपरावर कौन्सिलच्या एका योजनेतून सोलर पॅनेल बसली होती. पण क्लबचे लोक यायचे संध्याकाळी, त्यामुळे दुपारची वीज त्यांच्या उपयोगाची नव्हती. बांगलादेशी केंद्रात रुकसाना आपा आठवड्यातले पाच दिवस एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी दुपारचं जेवण रांधायच्या. विजेच्या शेगड्यांवर. तिथे कोणालाही मज्जाव नव्हता. आमच्यातले दोन आजोबाही जायचे, घरी सांगायचे नाहीत. बिल इतकं वाढलं होतं की जेवण बंद करावं लागेल, असं आपांनी काकांना सांगितलं.

काका आमच्या मागच्या दारात उभे राहिले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मला म्हणाले, “चिटणीसबाई, हा नकाशा मी कुठेतरी पाहिला आहे.”

मीही तोवर तो इतक्यांदा ऐकला होता की मला सांगावं लागलं नाही. एकाकडे दुपारी वीज वाया जाते, दुसऱ्याला दुपारीच हवी आहे, आणि मधली चिंचोळी पट्टी आमची.

पुढचे दोन महिने त्यांनी मोटार भरून कागद जमवले. वीज पुरवणाऱ्यांची परवानगी, कौन्सिलचा होकार, तार कुठल्या पाइपातून जाईल, बिघाड झाला तर कोण बघेल. नेपाळी क्लबचे तमांग सुभेदार, ज्यांना काका दाजू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत, त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, “हुन्छ” म्हणाले आणि सही केली. काका त्या शब्दावर इतके खूश झाले की आठवडाभर सगळ्यांना सांगत होते, “याला म्हणतात मंजुरी. मागे नाही, पुढे नाही. हुन्छ!” आपांनी सही केली आणि वर खिचडीचा डबा दिला. राहिली आमची सही. आमच्या मागच्या भिंतीला धरून एक पाइप जाऊ द्यायचा, बस. आमचा खर्च नाही, आमची खोदाई नाही.

समितीची बैठक मी लिहून घेत होते, त्यामुळे कोण काय बोललं ते मला चांगलं ठाऊक आहे.

अध्यक्ष सतीश सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे. हसतमुख माणूस, आवाज कधी चढत नाही. तो म्हणाला, “काका, हॅट्स ऑफ. या वयात एवढी एनर्जी! फक्त एक सांगा, आपण मधले. म्हणजे कंट्रोल आपल्याकडे असायला नको का?”

“कसला कंट्रोल?” काका.

“म्हणजे त्यांनी वीज आपल्याला द्यावी, आणि आपण ती पुढे द्यावी. आपल्या नावाने. नाहीतर आपण नुसतेच हमाल.”

“बाप्पा, तुमच्या भिंतीवरून मांजर जाते. तिच्याकडून काय घेता?”

कोणीतरी इन्शुरन्सचा मुद्दा काढला. कोणीतरी म्हणालं, उद्या त्यांचं आपसात काही बिनसलं तर भिंत आपली आहे. मग इथेच वाढलेल्या एका तरुण सभासदाने फार मनापासून सांगितलं, “काका, तुमचा आयडिया खूप छान आहे, पण लायबिलिटी कोण घेणार?” त्याचं मला काही वाटलं नाही, त्याने निदान प्रश्न विचारला. मला चीड आली ती शेवटच्या खुर्चीवरच्या गृहस्थांची. ते म्हणाले, “आज तार, उद्या दार. मग हॉल कोणाचा?” आणि त्यावर सहा-सात माना हलल्या. याच माना दर रविवारी शेजारच्या आपांकडून आलेली मिठाई खाताना हलतात.

काका उभे राहिले. “त्या म्हाताऱ्यांचं जेवण बंद होणार आहे,” ते म्हणाले. नकाशा नाही, वाटी नाही, विनोद नाही. “हिवाळा तोंडावर आला. तुमच्या भिंतीला एक पाइप. हो म्हणा किंवा नाही म्हणा.”

सतीशने सगळ्यांकडे पाहिलं आणि अत्यंत आदराने म्हणाला, “काका, नाही कोण म्हणतंय? तत्त्वतः आम्हाला मान्यच आहे. आपण एक उपसमिती नेमू.”

काकांनी टोपी घातली. दारातून जाताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, “जनरेटरचा आवाज ऐकू आला का हो?”

उपसमिती भेटली नाही. कोणाला सोयीची तारीख मिळाली नाही. मी स्वतः चार वेळा तारखा पाठवल्या. त्या उपसमितीत तीन माणसं होती आणि तिघंही एकाच ट्रेनने लंडनला जायची.

मी काकांना सुचवलं, “एक लांब एक्स्टेन्शनची वायर टाकून देऊ का तात्पुरती? कोणाला कळणार नाही.” ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचं रागावले. “चोरून टाकलेली तार शेजाऱ्याची नसते, बाई. चोराची असते. आणि पावसात कोणाला झटका बसला तर तोच सतीश म्हणेल, बघा, सांगत होतो.”

मग आमच्या मंडळाने ती गोष्ट केली जी आमचेच लोक करू शकतात. ज्याचं काम अडवलं त्याच माणसाचा सत्कार ठेवला.

दिवाळीचा कार्यक्रम, शनिवार दुपार. शाल, श्रीफळ आणि काचेचं स्मृतिचिन्ह. सतीशचं भाषण चांगलं झालं, म्हणजे ऐकवत नव्हतं. सीमा ओलांडणारा माणूस, दक्षिण आशियाचं स्वप्न, शाश्वत विकास, येणाऱ्या पिढ्या. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पाइप नाकारणारे सगळे हात त्या टाळ्यांत होते, मी पाहत होते. मग काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

पिवळ्या जॅकेटवर शाल, हातात नारळ. त्यांनी माईक जवळ घेतला. “एकच शब्द. तार?”

लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला. काकांनी खरोखरच उत्तराची वाट पाहिली. मग माईक ठेवला आणि स्टेजवरून उतरून किचनमधून मागच्या दाराने अंगणात गेले. मी आणि शैलाकाकू मागे धावलो. त्यांनी भिंतीतल्या लाकडी दाराची कडी काढली आणि ठोठावलं. पलीकडे जेवणाची आवराआवर चालली होती. रुकसाना आपांनी दार उघडलं, हात साबणाचे.

“आपा, ये लो,” काकांनी नारळ पुढे केला. “मंडळाकडून.”

“दादा, किसलिये?”

“पहले ये पार होने दो.” आणि आमच्याकडे वळून, खिडकीत जमलेल्या रेशमी कुडत्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, “पाहा! नारळ पलीकडे गेला! कोणाला काही झालं? हॉल आहे ना जागेवर?”

शाल त्यांनी दुसऱ्या बाजूच्या दाराने तमांग दाजूंना नेऊन दिली. स्मृतिचिन्ह शैलाकाकूंनी ठेवून घेतलं, पण ते काकांबद्दलच्या आदरापोटी नव्हे. “दाराला अडसर हवाच होता,” त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात आपांकडच्या दाराला आमच्या बाजूने कुलूप लागलं. पितळी, नवं. सुरक्षेच्या दृष्टीने, असं मिनिट्समध्ये आहे.

हिवाळ्यात आपांचं जेवण पाच दिवसांवरून दोन दिवसांवर आलं. काका तरीही त्या दोन्ही दिवशी यायचे, आणि इथे त्यांचा हट्ट सुरू झाला. आपांकडे जायला समोरचा रस्ता आहे, आमच्या दारातून बाहेर पडून वळलं की झालं. काका त्या रस्त्याने जायचे नाहीत. आमच्या अंगणातून जायचे, कुलूप लावलेल्या दारासमोर उभे राहायचे आणि ठोठावायचे. “वीज सरळ जाते,” म्हणायचे, “मी काहून फिरून जाऊ?” आपा पलीकडून स्टुलावर चढून डबा भिंतीवरून द्यायच्या. काका तिथेच उभ्याने जेवायचे, आणि परत जाताना डब्यात दोन संत्री किंवा शैलाकाकूंचं लोणचं घालून तो भिंतीवरून परत करायचे. डबा कधी रिकामा गेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस ते पेढे घेऊन आले. तिकडे, त्या खऱ्या चिंचोळ्या पट्टीवरून, नेपाळची वीज बांगलादेशाला जायला लागली होती. थोडीशी, पण जायला लागली होती. काकांनी फोनवरची बातमी मला तीनदा वाचून दाखवली.

मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीच बातमी सतीशने टाकली, तिरंग्यांसह. ‘मोठ्या मनाचा शेजारी!’ खाली अंगठ्यांची रांग. मी तो फोन आपटला नाही याचं कारण तो कंपनीचा होता.

काकांनी सतीशला हॉलवर गाठलं. पेढा हातावर ठेवला. “देशाने वाट दिली. आता मंडळाने द्यावी.”

सतीशने पेढा तोंडात टाकला. “काका, तुमची कमिटमेंट! खरंच. या एजीएमला आपण घेऊच. तसं तत्त्वतः तर...”

काकांच्या डोक्यावर टोपी नव्हती, ऊन होतं. त्यांचा हात तरी टोपीकडे गेला, रिकाम्या डोक्यावरून फिरला आणि खाली आला.

एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, विषय आला नाही. मी तो विषयपत्रिकेत घातला होता, तिसऱ्या क्रमांकावर. वेळेअभावी तो पुढे ढकलला गेला. गणपतीच्या डेकोरेशनची थीम यावर मात्र एक तास चर्चा झाली.

शरद ऋतू लागला तेव्हा आपांनी दोन दिवसांचं जेवणही बंद केलं. शेवटच्या दिवशी मी हॉलवर खुर्च्या मोजायला गेले होते. बाहेर इथला तो बारीक, न दिसणारा पाऊस. मी किटली लावली आणि खिडकीतून पाहिलं, तर अंगणात पिवळं जॅकेट. काका बारीक झाले होते, ते जॅकेट त्यांच्यावर टांगल्यासारखं दिसत होतं. मी खिडकी उघडून ओरडले, “काका, भिजताय कशाला? आत या, चहा टाकलाय!”

ते वळले. खिशातून फोन काढला, त्यावर पाऊस पडू नये म्हणून तळव्याने झाकला, पाहिलं.

“फ्रान्स!” ते ओरडले. “ठेवा माझा. येतो.”

मग पुन्हा दाराकडे वळून त्यांनी ठोठावलं. पलीकडे त्या दिवशी बरीच गर्दी होती, शेवटचं जेवण म्हणून सगळे आले होते, आवाजात कोणाला ऐकू गेलं नसावं. त्यांनी पुन्हा ठोठावलं. हाक मारली नाही, रस्त्याने फिरून गेले नाहीत, कुलपाला हातही लावला नाही. हातात लोणच्याची बरणी धरून, लहान मुलाला शाळेत दाराशी उभं करावं तसे सरळ उभे राहिले.

चहा निवला. मी कप घेऊन बाहेर जायला निघाले तेव्हा भिंतीवरून दोन हात वर आले, एकात डबा. काकांनी डबा घेतला आणि बरणी वर दिली. ते हात बरणी घेऊन लगेच खाली गेले नाहीत. त्यांनी काकांचा हात धरून ठेवला, भिंतीच्या वर, पावसात. मी दारातच थांबले.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

शोकप्रस्तावाच्या प्रती आम्ही दोन्ही शेजाऱ्यांना पाठवल्या, रीतसर, पोस्टाने. पितळी कुलूप आता काळं पडलं आहे. ते आमच्या बाजूने लावलेलं आहे.